दोन मीटरवरची पापणी

१

जुनी लेन्स विकायला आलेला माणूस दुकानाची पायरी चढतो तेव्हाच मला कळतं, तो काय लपवून आणतोय. लेन्स रुमालात गुंडाळून छातीशी धरली असेल तर ती त्याची स्वतःची आहे आणि विकताना जीव तुटतोय. पिशवीतून काढून सरळ काउंटरवर ठेवली तर आत बुरशी होती आणि ती कालच कापसाने पुसलीय. आणि न विचारता ‘एकदाच वापरलीय हो’ असं म्हणाला, तर ती एकदा तरी जिन्यावरून गडगडलीय. शाळा माझी नववीपर्यंत. बाकीचं सगळं स्क्रू-ड्रायव्हरने शिकलो. पहिली लेन्स उघडली तेव्हा आतून अकरा तुकडे निघाले आणि परत बसवताना दहाच बसले. तेव्हापासून एक धडा घेतला: उघडता येतं त्याला हुशार म्हणू नये, बंद करता येतं त्याला म्हणावं. बाजारात मला फसवून गेलेला माणूस आणून दाखवा, मी त्याला चहा पाजतो.

ही बढाई नाही. पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याची नजर गेली. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझ्याकडे फक्त हाताने फोकस करायच्या लेन्स मिळतात. नव्या लेन्सला चेहरा दाखवला की ती आतल्या आत किर्र करते आणि काय स्पष्ट दिसायचं ते स्वतःच ठरवते. माझ्याकडच्या लेन्सच्या पोटावर एक रिंग असते, ती बोटांनी फिरवायची. रिंगवर अंतरं कोरलेली: अर्धा मीटर, एक, दीड, दोन, तीन, पाच, दहा. समोरचा माणूस जितका लांब, तितक्या आकड्यावर रिंग आली की तो धुक्यातून बाहेर येतो. दहाच्या पुढे एक आडवा आठ असतो. म्हणजे अनंत. तिथे रिंग अडते. त्यापुढे कारखानदारांनी काही कोरलेलंच नाही.

लोक येतात ते स्वस्त मिळते म्हणून. एका नव्या लेन्सच्या किमतीत माझ्याकडच्या आठ येतात. पण दुसऱ्यांदा येतात ते स्वस्तासाठी नाही. हातात वजन लागणारी धातूची वस्तू, मधाच्या बरणीचं झाकण फिरावं तशी फिरणारी रिंग, आणि फोटो बिघडला तर आपण बिघडवला, जमला तर आपण जमवला. एका निवृत्त हेडमास्तरांनी माझ्याकडून आजवर चौदा लेन्स नेल्या. घरी त्यांच्या बायकोला वाटतं, एकच आहे. नवी नेताना जुनी माझ्याकडे ठेवतात, म्हणजे घरातला आकडा हलत नाही. मी एकदा विचारलं, “सर, यात एवढं मिळतं तरी काय?”

म्हणाले, “अहो, चाळीस वर्षं एका वेळी साठ पोरं पाहिली. आता एका वेळी एकच गोष्ट बघतो.”

ते वाक्य मी पुढे कित्येक गिऱ्हाइकांना ऐकवलं आणि त्यावर माल खपवला. मला ते कळलं होतं असं मात्र नाही.

२

जुनी लेन्स तपासल्याशिवाय विकता येत नाही. बाकीचे दुकानदार भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून तपासतात. मी बायकोला बसवतो.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात हे सुरू झालं. खाली दुकान, वर आम्ही. सकाळी शटर अर्धंच उघडायचं. खिडकीचा उजेड पडतो तिथे लाकडी स्टूल. स्टुलापासून कॅमेऱ्याच्या स्टँडपर्यंत फरशीवर पांढरी रेघ, बरोबर दोन मीटरची. बायको स्टुलावर बसायची. पूर्वी मी कॅमेऱ्याला डोळा लावून बघायचो. आता कॅमेऱ्याला पडदा असतो, त्यावर तिचा डोळा दहापट मोठा करायचा आणि पापणीचा केस न् केस सुटा दिसेपर्यंत रिंग फिरवायची. त्या वेळी रिंग दोनवर असेल तर लेन्स खरी. नसेल तर ती मिस्त्रीकडे, म्हणजे आमच्या दुरुस्तीवाल्याकडे.

“पापणीच का?” असं गिऱ्हाइकं विचारतात.

“माझ्या घरात तिच्याहून बारीक काही नाही,” असं मी सांगतो, आणि आतून आवाज येतो, “तुमची अक्कल सोडून.” गिऱ्हाईक हसलं की निम्मा सौदा झाला.

पास झालेल्या लेन्सच्या झाकणावर मी हिरवी चिठ्ठी लावतो: ‘पापणी-पास’. त्या चिठ्ठीला बाजारात मान आहे. बायकोला सगळे पापणीकाकू म्हणतात. लांबलांबून फोन येतात, “लेन्स कशी आहे” विचारत नाहीत, “काकूंनी पास केलीय ना?” एवढंच विचारतात.

या तपासणीत एक गोष्ट व्हायची, ती तेव्हा मला गोष्ट वाटली नव्हती. बायको बसली की बोलायला लागायची. वरच्या टाकीचा नळ, बहिणीचं पत्र, लहानपणी हरवलेली एक मांजर, काहीही. तोंड हललं की पापणी हलते. मी म्हणायचो, “हलू नकोस.” ती शब्द अर्धा तोडून थांबायची. मी “झालं” म्हणेपर्यंत वाक्य कुठे होतं ते तिलाही आठवायचं नाही. आणि मी तर विचारायचोही नाही.

अशा सकाळी धरा, दहा हजारांच्या आसपास.

३

पहिल्यांदा चुकलं ते एका मंगळवारी. पन्नास मिलिमीटरची एक साधी लेन्स होती, भरपूर विकली जाणारी, डोळे मिटून खात्री द्यावी अशी. पडद्यावर स्टुलाची कड घेतली. रिंग दोनवर, कड सुरीसारखी. मग वर सरकून पापणी घेतली.

पापणी धुरकट.

“हललीस का?”

“नाही हो.”

रिंग किंचित पुढे नेली. केस सुटे झाले. आकडा पाहिला: दोनच्या पुढे, तीनकडे निघालेला. सव्वादोन म्हणा.

“मागे रेललीस?”

“स्टुलाला पाठ कुठाय रेलायला?”

बरोबर होतं. आता या लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावायच्या तर मध्ये एक कडं लागतं, त्याला अडॅप्टर म्हणतात. ते केसभर जाड-बारीक असलं की आकडे खोटं बोलतात. मी अडॅप्टर बदलला. सव्वादोन. लेन्स बदलली. सव्वादोन. मग तिला उठवलं आणि स्टुलावर पाण्याची बाटली ठेवली. बाटलीवरचं अक्षर न् अक्षर दोनवर स्पष्ट.

“बस परत.”

ती बसली. सव्वादोन.

म्हणजे स्टूल दोन मीटरवर, आणि त्याच स्टुलावर बसलेली माझी बायको त्याच्याहून वीतभर लांब. मी दोनदा चष्मा पुसला. मग ‘झालं’ म्हणालो आणि लेन्सवर हिरवी चिठ्ठी लावून टाकली. तीस वर्षांतली पहिली खोटी चिठ्ठी.

४

गुरुवारी मिस्त्री आला. हा माणूस लेन्सच्या पोटातलं सगळं जाणतो आणि बाहेरच्या जगातलं काहीही नाही. दोनदा चुकीच्या लग्नात जेवून आलाय. मी त्याला काही न सांगता कॅमेऱ्यामागे उभं केलं.

“वहिनी, जरा बसता का?”

“बसवा बाबा. मला काय, मी दुकानातलं फर्निचरच.”

मिस्त्रीने रिंग फिरवली, पडद्याला नाक लावलं. “दोन,” म्हणाला. “एकदम दोन. वहिनी टेपने मोजून बसल्यासारख्या आहेत. यात आहे काय बिघडलेलं?”

“रिंगला हात लावू नकोस,” म्हणत मी त्याच्या जागी उभा राहिलो. त्याने सोडलेल्या दोनवर मला बायको धुक्यात दिसली. मी रिंग पुढे नेली. अडीचच्याही पुढे गेलो तेव्हा कुठे पापणी उघडली.

“हे बघ. आता कशी दिसते?”

तो वाकला. “आता धुरकट. शेट, नंबर वाढलाय तुमचा. चष्मा बदला. आणि वहिनींना उठू द्या, भाजी करपेल.”

बायको हसली. मी तिच्याकडे पाहिलं. त्या हसण्यात मला चिडवणं दिसलं नाही. आपलं गुपित फुटता फुटता वाचलं की माणूस सोडतो तसा श्वास दिसला. दुकानदाराला तो श्वास ओळखता येतो. माझं पोट त्यावरच भरतं.

चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने दोन्ही डोळे तपासले, खालची बारीक ओळसुद्धा वाचायला लावली आणि म्हणाला, “नंबर तोच आहे. घरी काही टेन्शन?”

५

त्यानंतर मी रोज बघत होतो, आणि रोज ती थोडी लांब होती.

सोमवारी तीन मीटर. तीन मीटरवर स्टुलामागची भिंत आहे, तिच्यावर कॅलेंडर. त्या दिवशी कॅलेंडरचे आकडे आणि बायकोची पापणी एकाच वेळी स्पष्ट दिसली, जणू ती भिंतीवर छापलेली होती. बुधवारी ती स्पष्ट दिसताना कॅलेंडर पुसट झालं. म्हणजे ती कॅलेंडरच्या पलीकडे. आणि तरी तिच्या खांद्याने त्यातला अर्धा महिना झाकलेला होता. हे मला नीट सांगता येत नाही, कारण ते नीट बघताही येत नव्हतं.

रिंगवर तीननंतर पाच, पाचनंतर दहा. नंतर तो आडवा आठ. मी दुकानदार आहे, शिल्लक किती उरली हे मला सांगावं लागत नाही.

“तुला काही होतंय का गं?” मी विचारलं.

“मला काय होणार? उलट बरं वाटतंय.”

खरंच बरं दिसत होतं. पूर्वी तीन हाका मारल्यावर खाली यायची. आता मी शटरला हात घालायच्या आधी स्टुलावर येऊन बसलेली असायची. केस विंचरलेले, कानात लग्नातल्या कुड्या. आणि आता ती बसल्यावर बोलत नव्हती. एक अक्षर नाही. मला “हलू नकोस” म्हणायची वेळच येत नव्हती.

दहा हजार सकाळी ज्याची वाट पाहिली ती शांतता मिळाली, आणि माझ्या तळहाताला घाम फुटला.

६

शुक्रवारी रिंग साडेचारावर थांबली.

मी हिशेब केला. भिंत तीनवर, भिंतीची जाडी वीतभर. म्हणजे भिंतीच्या पलीकडे एक मीटर तीस. पलीकडे बाइंडरचं दुकान. पुस्तकं बांधणारा तो म्हातारा दोन वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला गेला, किल्ली आमच्या खिळ्यावर अडकवून. “कधीमधी हवा लागू द्या,” म्हणाला होता. मी काही लागू दिली नव्हती.

“बस तशीच,” मी बायकोला म्हणालो. “आलोच.”

“सावकाश या,” ती म्हणाली.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. बाहेर रस्त्यावर ऊन, सायकली, समोरच्या न्हाव्याचा रेडिओ. भीती वाटायला काही जागाच नव्हती. कुलूप गंजलेलं होतं, तेल घालून उघडलं. आत खळीचा आंबट वास, कागद कापायचं लोखंडी यंत्र, आणि फरशीवर धूळ, साईसारखी, सलग. माझ्या आधी तिथे दोन वर्षांत कुणी चाललं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर माझीच पावलं दारापासून उठलेली दिसली.

मी भिंतीला टेप लावली. एक मीटर तीस मोजलं आणि खाली पाहिलं.

धुळीत चार छोटे चौकोन होते. स्टुलाचे पाय टेकतात तसे. त्यांच्यापुढे दोन पावलं, जवळजवळ ठेवलेली, बोटं भिंतीकडे. डावं पाऊल जरा आत वळलेलं. बायको तशीच बसते. तिथपर्यंत आलेलं एकही पाऊल नव्हतं, आणि तिथून निघालेलंही नव्हतं.

मी स्वतःला म्हणालो, उंदीर. मग म्हणालो, छतातून पाणी गळलं असेल. आणखी दोन-तीन गोष्टी म्हणालो. माणूस स्वतःला माल विकायला लागला की भाव करायचाही विसरतो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, माझ्या दुकानातून, कट, कट, कट असा आवाज आला. लेन्सच्या पुढच्या कड्याने उजेड कमी-जास्त करतात, त्याचा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

आणि मग बायको बोलायला लागली.

७

शब्द कळत नव्हते. चाल कळत होती. ती सांगत होती, न थांबता, वर चढत, खाली येत, मध्येच हसू आवरत. पाच मिनिटं तरी. तिच्याकडे एवढं बोलणं होतं हे मला माहीत नव्हतं. एका जागी ती थांबली आणि एका पुरुषाने विचारलं, “मग?”

घाई नव्हती त्या आवाजात. “मग? पुढे काय झालं?”

पहिला विचार मिस्त्रीचा आला, आणि लाज सोडून सांगतो, तो आला म्हणून मला बरं वाटलं. मिस्त्री असता तर रागावता आलं असतं. पण मिस्त्री शब्द चावून बोलतो. हा आवाज मी कुठेतरी ऐकला होता, फार पूर्वी, एका मेहुण्याने लग्नात टेप केला होता तेव्हा. सगळे म्हणाले होते, हा तुमचाच आवाज. मी म्हणालो होतो, छे, माझा असा कुठाय.

बायको मोठ्याने हसली. ते हसणंसुद्धा मी त्या टेपवरच शेवटचं ऐकलं होतं.

मी पळालो. कुलूप न लावता, धूळ उडवत, रस्त्यावरून, अर्ध्या शटरखाली वाकून आत.

स्टुलावर बायको. एकटी. हात मांडीवर, गालावर अजून ते हसणं विझत आलेलं.

“कोण होतं इथे?”

“कुठे?”

“आत्ता. कुणाशी बोलत होतीस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाकडून माल परत घ्यायचा नसला की मी बघतो ना, तसं. शांत, गोड.

“कुणाशी म्हणजे? तुम्हीच तर होता,” ती म्हणाली. “धूळ कसली लागलीय कपड्यांना?”

८

माणसं खोटं बोलतात. कॅमेऱ्याला अजून ती युक्ती आलेली नाही. मी कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड तपासलं. शेवटचा फोटो अकरा वाजून बारा मिनिटांचा. त्या वेळी मी टेप हातात घेऊन बाइंडरच्या धुळीत उभा होतो. लेन्सची रिंग पाहिली: दोनवर. साडेचारावर सोडून गेलो होतो.

फोटोत माझी बायको होती. दोन मीटरवर. मी जिला ओळखतो तिच्याहून दहा वर्षांनी लहान वाटत होती, आणि तरी एकही सुरकुती लपलेली नव्हती. तोंड बोलताना उघडलेलं. इतकी वर्षं मी जे हलणं थांबवत आलो, ते हलणं त्यात होतं, आणि तरीही पापणीचा प्रत्येक केस सुटा. असा फोटो मला काढता येत नाही. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. एवढं हलणाऱ्या माणसावर हाताने फोकस साधायचा तर तो पुढे कसा हलेल हे आधी माहीत असावं लागतं.

मी डोळा मोठा करत गेलो. बुबुळात खिडकी दिसली. खिडकीच्या बाजूला कॅमेऱ्याचा स्टँड. स्टँडमागे कुणीतरी. एवढं मोठं केलं की आठ-दहा ठिपके उरतात, आणि ठिपक्यांत शोधला तर कुणीही सापडतो, हे मला कळतं. माझा निळा शर्ट होता. माझी वाकलेली पाठ होती. फक्त एक गोष्ट माझी नव्हती. त्याचं डोकं कॅमेऱ्यामागे नव्हतं. ते बाजूला झुकलेलं होतं. रिंगवर हात ठेवून तो उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता.

मी कॅमेरा खाली ठेवला. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. रात्री जेवताना समोरासमोर बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ती स्टुलावर येऊन बसल्यावर, विचारायचं ते विचारलं.

“खरं सांग. काल तो मी नव्हतो, हे तुला कळत नाही?”

तिने कुडी नीट केली. मला वाटलं, आता म्हणेल, तुम्हाला वेड लागलंय. तसं म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते.

“कळतं,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी कळलं.”

“आणि तरी तू...”

“अहो, मला ते विचारतात, पुढे काय झालं.” तिच्या आवाजात भांडण नव्हतं. “त्या मांजराची गोष्ट मी तुम्हाला किती वेळा सुरू केली असेल? सापडलं होतं ते मांजर. तुम्हाला माहितीये?”

मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला मांजराचं काही वाटलं नाही. मला एवढंच वाटत होतं की माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर, माझ्या कॅमेऱ्यासमोर हिने मला दोन आठवडे गिऱ्हाईक केलं. रोज वर येऊन मला वाढलं. “सावकाश या,” म्हणाली.

९

मी शेवटचं एकदा लेन्स लावली. का लावली सांगता येत नाही. हात सवयीने लावतो. रिंग फिरवली. तीन, पाच, दहा. ती धुक्यातच. आडव्या आठावर रिंग अडली आणि तिथे, अगदी कडेला, ती दिसली. नीट नाही. लांबच्या गच्चीवरचं माणूस दिसतं तितकी.

मी कॅमेरा स्टँडवरून काढून काउंटरवर उलटा ठेवला. मधे काही नको म्हणून चष्माही काढला. रेघेच्या माझ्या टोकाला उभा राहिलो आणि हात पुढे केला.

“इकडे ये,” मी म्हणालो. “झालं ते झालं. आजपासून हा धंदा बंद. पाटी उतरवतो, स्टूल फोडून टाकतो. मांजराचं सांग, बहिणीचं सांग, दिवसभर सांग. मी एक शब्द तोडणार नाही. पण ये.”

“आता?” ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं असावं. चष्म्याशिवाय मला ते सांगता येणार नाही.

मग ती उठली.

दोन मीटर म्हणजे तिची चार पावलं. चपलांचा आवाज फरशीवर नीट येत होता. एक, दोन, तीन. समोरचा न्हावी कुणाशी तरी पावसावरून वाद घालत होता. चार. मी हात आणखी लांब केला. पाच. सहा. ती चालत होती, गुडघे हलत होते, पदर हलत होता, आणि स्टूल तिच्या पाठीशी तिथेच होतं, हाताला लागेल इतकं. सात. आठ. ती माझ्याकडे बघतेय असं मी धरून चाललो होतो. ती माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत होती, आणि तिची नजर जवळ जवळ येत होती, समोरचा माणूस जवळ आला की येते तशी.

बाराव्या पावलाला ती थांबली. पोचलेला माणूस कसा उभा राहतो ते मी रोज काउंटरमागून बघतो. ती पोचली होती.

तिने दोन्ही हात उचलले आणि समोरच्या मोकळ्या हवेत, गळ्याच्या उंचीवर, कुणाच्या तरी शर्टाची कॉलर सरळ केली. नीट, घडी बोटांनी दाबून. मग खांद्यावरचं काहीतरी झटकलं, मान जरा तिरकी करून पाहिलं, आणि तिचं समाधान झालं.

मी माझ्या मानेला हात लावून पाहिला. माझी कॉलर एका बाजूने आत दुमडलेली होती.